बेळगावच्या वडगाव-अनगोळ-टिळकवाडी पट्ट्यात नक्की कोण लोक राहतात? मराठी माणसाला भाड्याने राहायला अवघड जाईल का?

मी वडगावात वाढलो, आता अनगोळला राहतोय, त्यामुळे जेवढं डोळ्यासमोरचं आहे तेवढं सांगतो. तुम्ही पुण्याहून बदलीवर येताय म्हणून लिहिलंय, तर पहिलं म्हणजे टीव्हीवरच्या सीमाप्रश्नाच्या बातम्या बघून जे डोक्यात बसलंय ते जरा बाजूला ठेवा, कारण त्या बातमीत दोनच माणसं असतात, एक मराठी आणि एक कन्नड, आणि आमच्या गल्लीत इतकं सोपं काहीच नाही.

आकडा पाहिजे असेल तर 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 47 लाखांच्या वर, त्यात कन्नड मातृभाषा साधारण 68 टक्के, मराठी 19 च्या आसपास आणि उर्दू 10 च्या आसपास. पण हा आकडा अथणी, गोकाक, सौंदत्ती धरून सगळ्या जिल्ह्याचा आहे, बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग, खानापूर, निपाणी इकडं आलात की चित्र एकदम बदलतंय. आणि रकान्यात मातृभाषा एकच लिहायची असते, वडगावातल्या विणकराच्या घरात ती एक कुठली लिहायची हाच प्रश्न आहे.

आता वडगाव, खासबाग, शहापूर, भारतनगर हा सगळा मागवाल्यांचा पट्टा. दुपारी गल्लीतून चाललात की घराघरातून यंत्रमागाची खटखट ऐकू येते, आता पूर्वीइतकी नाही, सुरतेच्या स्वस्त साडीनं आणि सुताच्या भावानं कंबरडं मोडलंय, कित्येकांनी माग भंगारात घातले. या लोकांत विणकरांच्या वेगवेगळ्या जाती, देवांग आहेत, कुरुहिनशेट्टी आहेत, त्यांच्या घरात कन्नड. पद्मशाली आहेत, त्यांच्या म्हाताऱ्या माणसांत अजून तेलुगू. साळी आहेत, ते मराठी. पण एकाच गल्लीत, एकाच सावकाराच्या सुतावर काम करतात, त्यामुळे बाहेर कट्ट्यावर बसले की कोण कुठला ते बोलण्यावरून ओळखणं अवघड. माझा एक वर्गमित्र आईशी कन्नड, आजीशी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि शिव्या मात्र मिक्स.

शहापूरची अजून एक गंमत, हे गाव ब्रिटिशांच्या काळात बेळगावात नव्हतंच, सांगली संस्थानात होतं, 1948 ला संस्थान विलीन होईपर्यंत. त्याचा माग आजही दिसतोय, बेळगाव शहरात रंग खेळतात धुळवडीला आणि शहापूर-वडगाव-खासबागला रंगपंचमीला. नवीन आलेला माणूस दोन्ही वेळा भिजतो, हे आत्ताच सांगून ठेवतो. आषाढात वडगावची मंगाई देवीची जत्रा असते, तिथं बघा, मराठा शेतकरी, विणकर, लिंगायत दुकानदार सगळे एकाच रांगेत, पाहुण्यांनी घरं भरलेली.

अनगोळ, मजगाव ही मूळची शेतकऱ्यांची गावं, मराठा वस्ती जुनी, सोबत मुसलमान, त्यांच्या घरात दख्खनी उर्दू पण बाजारात आमच्यापेक्षा झणझणीत मराठी. शहर वाढलं तशी शेतं एनए झाली, प्लॉट पडले, आणि त्या लेआऊटात घरं बांधली कोणी, तर धारवाड-बागलकोटकडून नोकरीला येऊन इथंच रिटायर झालेल्यांनी, मिलिटरीतून पेन्शन घेऊन आलेल्यांनी, थोड्या गोव्याकडच्यांनी. उद्यमबाग बाजूलाच, तिथं फाऊंड्र्या आणि मशीन शॉप, पूर्वी खानापूर भागातली पोरं कामाला यायची, आता बिहार-ओडिशाची बरीच आहेत, चार-पाच जण मिळून एक खोली घेऊन राहतात. वर इंजिनीअरिंग कॉलेजमुळे पीजी आणि मेसवाले.

टिळकवाडी जुनी पांढरपेशी वस्ती, ब्राह्मण, सारस्वत, कॉलेजं, डॉक्टरांच्या पाट्या. 1924 ला गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं अधिवेशन तिथंच झालं, त्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे. कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्री, चर्च, कोंकणी बोलणारे ख्रिश्चन. महांतेशनगर, रामतीर्थनगर उत्तरेला, तिथं कन्नड नोकरदार जास्त, तुमच्या ऑफिसला लांब पडेल म्हणून त्यात शिरत नाही.

भाषेचं म्हणाल तर भाजी, रिक्षा, किराणा, डॉक्टर सगळं मराठीत होतंय. सरकारी ऑफिसातले फॉर्म, नोटिसा, घरपट्टी मात्र कन्नडमध्ये, तेव्हा शेजारच्या शाळकरी पोराला धरा, तो वाचून देतो. मराठी घरातली पोरंसुद्धा आता इंग्रजी शाळेत जातात आणि कन्नड विषय म्हणून शिकतात, मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत चाललेत, आणि त्यावर भाषणं करणाऱ्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची नातवंडं कुठं शिकतात ते विचारू नका. 1 नोव्हेंबरला तेवढं जपून, एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिन, त्या दिवशी महाराष्ट्र पासिंगची गाडी घरीच ठेवा. बाकी वर्षभर कोणी तुम्हाला अडवत नाही.

खरी चाळणी लागते ती घर बघताना, आणि ती भाषेची नाही. घरमालक दारातच विचारणार, "नॉनव्हेज करता काय?" मग आडनाव, मग गाव, म्हणजे जात काढायची. मराठी बोलणारा जैन किंवा ब्राह्मण मालक मटण खाणाऱ्या मराठी माणसाला खोली देत नाही आणि कन्नड लिंगायत शाकाहारी कुटुंबाला आनंदानं देतो, हे मी डोळ्यानं बघितलंय. मुसलमान आणि दलित भाडेकरूंना तर खोली रिकामी असूनही "कालच दिली की हो" असं ऐकावं लागतं, मग ती माणसं ठरावीक गल्ल्यांतच जातात आणि लोक वर म्हणतात की ते एकत्रच राहतात. मिश्र वस्ती म्हणतात ती रस्त्यावर मिश्र, वाड्याच्या आत तेवढी नाही.

तुम्ही नॉनव्हेज खात असाल तर अनगोळ किंवा वडगाव बघा, शाकाहारी असाल तर टिळकवाडीत पटकन मिळेल, भाडं जास्त पडेल. वडगाव-येळ्ळूर रोडकडं नवीन लेआऊटात स्वस्त मिळतंय पण पावसाळ्यात बळ्ळारी नाला भरला की तिकडं पाणी येतं, जुलैत एकदा जाऊन बघून मगच ॲडव्हान्स द्या. आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा.