दात क्लीन केल्यावर फटी पडतात का?

प्रश्न: मी ४४ वर्षांची आहे, सांगली जिल्ह्यात राहते. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून दोन महिन्यांपूर्वी दात क्लीन करून घेतले. रक्त थांबलं, पण आता खालच्या पुढच्या दातांमधे हिरडीजवळ काळ्या त्रिकोणी फटी दिसतात, गार पाणी लागतं आणि भाकरीचे कण अडकतात. सासूबाई म्हणतात, मशीन लावलं की दात सैल होतात, मी आधीच सांगत होते. आमच्या ह्यांना शुगर आहे, त्यांनाही न्यायचं होतं, पण माझे दात बघून ते आता नाहीच म्हणतात. खरंच मशीनमुळे झालं का हे?

उत्तर: ताई, तुमच्या फटी आधीपासूनच होत्या, त्या कीटणाने बुजलेल्या होत्या म्हणून दिसत नव्हत्या एवढंच. आपल्या जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात आणि लाळेतलं कॅल्शियम दातांवरच्या चिकट थरात बसून तो थर दगडासारखा होतो, म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटण सगळ्यात जास्त साठतं. कधीकधी तर पाच-सहा दातांना मिळून एकच सलग तपकिरी पट्टी झालेली असते, तिचा तुकडा निघून ट्रेमधे पडला की टक्कन आवाज येतो आणि पेशंटची जीभ लगेच तिथे जाते, 'डॉक्टर, दात तुटला का हो?' हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय! दात जागेवरच असतो, फक्त इतकी वर्षं जी जागा भरलेली वाटायची ती रिकामी लागते.

दुसरं म्हणजे सूज. रक्त येत होतं म्हणजे हिरड्या सुजलेल्या होत्या, फुगलेली हिरडी फट झाकते, सूज उतरली की ती आवळते आणि दात लांब दिसायला लागतात. दिसायला वाईट, पण हिरडी बरी झाल्याचीच ती खूण आहे. गार पाण्याची झिणझिण बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते, सेन्सिटिव्हिटीची पेस्ट वापरा, दोन महिने होऊनही कमी नसेल तर परत दाखवा.

मग मुळात जागा रिकामी का झाली? दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण खालच्या हाडाच्या आधाराने उभा असतो. अमेरिकेतले हिरड्यांचे डॉक्टर डेनिस टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली हे मोजून दाखवलं, दोन दात एकमेकांना जिथे टेकतात तिथून हाडापर्यंत ५ मिलिमीटर किंवा कमी अंतर असेल तर हिरडी ती जागा जवळजवळ नेहमीच भरते, ६ झालं की निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणी आणि ७ झालं की जेमतेम पाव ठिकाणी. म्हणजे एकदोन मिलिमीटर हाड गेलं की खेळ बदलतो! आणि हे हाड कीटणाखालच्या जंतूंमुळे वर्षानुवर्षं, न दुखता झिजत असतं, ज्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात तो हाच. सासूबाईंना दात सैल झालेले दिसले असतील तर तेही हाड गेल्यामुळेच, कीटणाने बांधून ठेवलेले दात ते काढल्यावर हलायला लागतात.

मशेरी लावत असाल तर कृपया थांबवा. ती भाजलेली तंबाखूच आहे, हिरडी मागे सरकते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो तो वेगळाच.

गेलेलं हाड आणि तो त्रिकोण आपोआप भरून येत नाही, हे स्पष्ट सांगते. पण आहे तेवढं टिकवता येतं. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश आणा, बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसतो पण अगदी बारीक, वेगवेगळ्या साइझमधे मिळतो. किंचित घासत आत गेला पाहिजे, जोर लावावा लागला तर साइझ मोठा आहे. रात्री झोपताना एकदा, पेस्ट न लावता. टाचणी, सेफ्टी पिन, आगपेटीची काडी अजिबात नको, हिरडीला जखमा होतात.

आणि ह्यांना नक्की घेऊन जा. शुगर वाढलेली असली की हिरडीचा आजार जोरात वाढतो आणि हिरडीत इन्फेक्शन असलं की शुगर आटोक्यात राहायला त्रास होतो, दोन्ही एकमेकांना ओढतात. खरं तर तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त गरज आहे. जाताना शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.

प्रश्न: वय २७. वेडेवाकडे दात होते, तारा लावून सरळ केले. आता वरच्या पुढच्या दोन दातांमधे खाली दात टेकलेले आहेत पण वर हिरडीजवळ काळा त्रिकोण दिसतो. हिरड्या चांगल्या आहेत असं डॉक्टर म्हणाले. लग्न ठरलंय, काही होईल का?

उत्तर: होईल. मोठ्या वयात तारा लावल्या की हे बऱ्याच जणांना होतं. एकमेकांवर चढलेले दात सरळ झाले की आधी लपलेली जागा उघडी पडते, त्यात दाताचा आकार त्रिकोणी, म्हणजे टोकाला रुंद आणि हिरडीकडे निमुळता असेल तर अजूनच. तारा अजून असतील तर दोन दातांच्या मधून अगदी थोडं घासून दात जवळ आणता येतात, मग ते हिरडीच्या जवळ टेकतात आणि त्रिकोण लहान होतो. तारा निघाल्या असतील तर कंपोझिट, म्हणजे दात भरायचं दाताच्याच रंगाचं मटेरियल, कडेला लावून फट भरतात, बहुतेक वेळा एकदोन बैठकांत होतं. फक्त लग्नाच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका, महिनाभर हाताशी ठेवा, कारण कड नीट पॉलिश झाली नाही तर तिथेच अन्न अडकून हिरडी सुजते.