रात्री एकची भाकरी

प्रिय ताई,

माझं वय 54. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. दोन वर्षं झाली, झोप म्हणून नाही. मान आणि खांदा धरलेला असतो, पोटात आग पडते, दुपारी डोळ्यांवर झापड येते. सगळ्या तपासण्या केल्या. थायरॉइडची गोळी चालू आहे, ती बरोबर लागू आहे म्हणतात. शुगर काठावर आहे म्हणाले, बाकी काही निघालं नाही. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. मला टेन्शन कसलं? दोन मुलं, दोघं कमावती. मोठ्याचं लग्न झालंय, नातू पहिलीत आहे. मिस्टर एसटीतून रिटायर झालेत.

अ‍ॅक्युप्रेशर करून झालं. चुंबकाचा पट्टा घेतला, तो अजून गळ्यात आहे. भाचीच्या नादानं रेकीला जाते, अंगावर हात ठेवून ऊर्जा देतात म्हणे, तिथं मात्र दहा मिनिटांत डोळा लागतो. तिथल्या मॅडम म्हणतात, दुसरी लेव्हल करून घ्या म्हणजे घरी स्वतःलाच देता येईल. कुणी म्हणतं पंचकर्म कर, कुणी म्हणतं अश्वगंधा घे. सून तोंडावर म्हणते, "आई, हे नाद सोडा." तिला माझ्या दुखण्याचं काही नाही, साडेदहाला दार लावून झोपते. मध्ये झोप तशी मोडतेच, धाकटा तिकडं गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्रीत कायम सेकंड शिफ्टला आहे, तो रात्री एकला येतो, त्याला दोन गरम भाकरी टाकून देते, पण त्याची आता सवय झालीय. तुम्ही स्वतः थेरपिस्ट आहात म्हणून विचारते, रेकीची दुसरी लेव्हल करू की पंचकर्म?

— एक भगिनी, राजारामपुरी

ताई,

तुमचं मूळ पत्र याच्या तिप्पट आहे, इथं कापून छापलंय. त्यात रेकीला एक पान आहे, चुंबकाच्या पट्ट्याला किंमतीसकट अर्धं पान आहे, सुनेला तर दीड. आणि भाकरीला एक ओळ. मी त्या ओळीवरच बोलणार आहे.

तुम्ही अकराला आडव्या होता. पावणेएकला, गजर वाजायच्या आधीच, जाग येते. "त्याची गाडी कोपऱ्यावर वळली की मला झोपेतसुद्धा कळतं," असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मग ट्यूबलाइट लावायची, तवा ठेवायचा, परातीत पीठ घेऊन आधणाचं पाणी ओतायचं, भाकरी थापायला बसायचं. तो जेवतो, तुम्ही समोर बसता, आणि त्याला सोबत म्हणून अर्धी भाकरी खर्ड्याशी तुम्हीही खाता. भांडी विसळून पावणेदोनला परत अंथरुणात. तीनशिवाय डोळा लागत नाही. साडेपाचला नळाला पाणी येतं म्हणून उठायचंच. जरा हिशोब घाला. आधीचे पावणेदोन तास आणि नंतरचे अडीच, म्हणजे झाले सव्वाचार तास, तेही दोन तुकड्यांत. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. तुम्हाला निद्रानाश झालेला नाही हो. तुम्हाला रोज रात्री उठवलं जातंय, आणि उठवणाऱ्याही तुम्हीच.

सवय झाली म्हणता, मग दुपारची झापड कुणाची? सगळ्यांत गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात येते, साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये. तुम्ही नेमक्या त्याच भागात उठता आणि झगझगीत उजेडाखाली उभ्या राहता. उजेड डोळ्यांत गेला की झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं मेलाटोनिन कमी होतं, मग पावणेदोनला पाठ टेकून तीन वाजेपर्यंत छताकडं बघत पडावं लागतं. हे आतलं घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं ते शोधल्याबद्दल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. शोध त्यांनी फळांवरच्या माश्यांमध्ये लावला. माशीचंसुद्धा घड्याळ असं मनाला येईल तसं पुढं-मागं होत नाही, तुमचं कसं होईल?

आता पोटातली आग. मिरचीचा खर्डा खाऊन अर्ध्या तासाच्या आत आडवं झालं की आम्ल वर येणारच. शुगरचंही तसंच. काठावर म्हणजे तुमची तीन महिन्यांची सरासरी, ती एचबीएवनसी, 5.7 ते 6.4 च्या मध्ये कुठंतरी असणार. रात्री उशिरा खाल्लेलं अन्न आवरणं शरीराला दिवसापेक्षा जड जातं, आणि झोप अपुरी असली की इन्शुलिनचं काम आणखी ढिलं पडतं. मानेचं दुखणंही न झोपलेल्या माणसाला जास्त दुखतं. एवढे डॉक्टर झाले, त्यांतल्या एकाला तरी सांगितलंत का, की मी रात्री एकला जेवते म्हणून? नाही सांगितलं. ते सांगण्यासारखं तुम्हाला वाटलंच नाही. पत्रातसुद्धा ते सुनेच्या तक्रारीला चिकटून आलंय.

रेकीला गेल्यावर दहा मिनिटांत झोप लागते, हे मात्र मला अगदी पटलं. माझ्याकडंही तेच होतं. बायका येतात, बांगड्या काढून पर्समध्ये ठेवतात, फोन उशाशी घेतात, मी मानेला हात लावते न लावते तोवर घोरायला लागतात. उठल्यावर म्हणतात, काय जादू आहे तुमच्या हातात! हातात काय असायचंय? मालिशनं स्नायू सैल होतात, दुखणं चार दिवस हलकं होतं, एवढं खरं. पण झोप लागते ती वेगळ्याच कारणानं. पाऊण तास त्यांना कुणी हाक मारणार नसतं. दार बंद असतं, पंखा चालू असतो, आणि पैसे दिलेत म्हणून पडून राहायचा हक्क असतो. रेकीच्या खोलीत तुम्हाला मिळतं ते हेच. जी विश्रांती तुम्ही तिथं तासाच्या हिशोबानं विकत घेता, ती घरी रोज रात्री एकला फुकट वाटून टाकता. मी याच धंद्यात आहे, गिऱ्हाईक परत पाठवायला मला हौस नाही, पण अशा बाईला मी किती वेळा मालिश करू?

मुलावर येते. बिचारा दमून येतो, असं तुम्ही लिहिलंय. दमतच असणार, फौंड्रीचं काम सोपं नसतं. पण 1,400 अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड जो साच्यात ओततो, त्याला गॅसवर आमटी गरम करता येत नाही? आई झोपेतून उठून, धरलेल्या खांद्यानं भाकरी थापते, हे 28 वर्षांच्या माणसाला समोर दिसत नाही? तो गुणी आहे, पगार हातात आणून देतो, व्यसन नाही, सगळं मान्य. पण जे न मागता रोज ताटात येतं त्याला "आई, राहू दे" म्हणणं त्याला इतक्या दिवसांत सुचलं नाही, याचं गुणीपण मला जरा कमीच दिसतं.

आणि ज्या सुनेवर तुम्ही दीड पान खर्च केलंत, तिनं काय म्हटलं होतं? "मी साडेनऊला भाकऱ्या करते तेव्हा भाऊजींच्या दोन जास्तीच्या करून ठेवते." तुमच्याच पत्रात, तिसऱ्या पानावर, खाली कोपऱ्यात. त्यावर तुमचं उत्तर, "त्याला गार चालत नाही." त्याला विचारलंत? आपल्याकडं शिळी भाकरी दह्यात कुस्करून, वर कांदा-लसूण चटणी घालून लोक आवडीनं खातात. साडेनऊची ज्वारीची भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर एकला ती शिळीसुद्धा झालेली नसते. तुमच्या घरात झोपेचं ज्याला कळतं असं एकच माणूस आहे, आणि ते साडेदहाला दार लावून झोपतं.

पण ताई, तुम्ही का उठता ते मला कळलंय. शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंय, "त्या वेळी तो माझ्याशी बोलतो, एरवी घरात कोण कुणाशी बोलतंय." सुपरवायझर काय म्हणाला, कुणाचं बोट भाजलं, कुठल्या मुलीचं स्थळ नको, हे सगळं त्या अर्ध्या भाकरीवर होतं. मिस्टर टीव्हीसमोर, मोठा मोबाइलमध्ये, नातू क्लासला. दिवसभरात कुणी तुमच्या तोंडाकडं बघून बोलत असेल तर ते रात्री एक वाजता. त्यासाठी मीही उठले असते. ते तुमचं कुणी काढून घेऊ नये. फक्त त्याची वेळ बदला.

सेकंड शिफ्टचा माणूस सकाळी घरीच असतो. तुमचा मुलगा नऊला उठतो आणि दुपारपर्यंत लोळतो, हेही तुम्हीच लिहिलंय. त्याचं खरं जेवण साडेबाराला घाला. तेव्हा त्याच्यासमोर बसा, हव्या तितक्या गरम भाकरी टाका, खर्डा खा, सुपरवायझरला शिव्या द्या. बोलायचं आणखी उरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गाडीवर बसून रंकाळा तलावावर जा, एक चक्कर मारा. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं तर रात्रीच्या झोपेलाही ते चांगलं.

आणि रात्रीचं आजच बंद करा. पुढच्या महिन्यात, श्रावण झाल्यावर, त्याला सांगून बघते, यातलं काही नको. आज तो कामावर जायच्या आधी लॅचची किल्ली त्याच्या हातात द्या आणि सांगा, "ताट झाकून ठेवलेलं असेल, आमटी गरम करून घे, ताट घासून ठेव, मी उठणार नाही." कारण विचारलं तर म्हणा, मला झोपायचंय. थेरपिस्टनं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं, असली ढाल पुढं करू नका. दाराची आतली कडी लावू नका, नाहीतर तीच सबब होईल. गजर बंद. पहिले काही दिवस गाडी वळली की जाग येईलच, त्याचा खडखडाट ऐकू येईल, आमटी उतू गेल्याचा वासही येईल. उठायचं नाही. दिवा लावायचा नाही, "सापडलं का रे?" असं आतून ओरडायचं नाही. कूस बदला. तो दोन दिवस गाल फुगवून बसेल, मग डबा कुठं असतो ते शिकेल. अठ्ठाविसाव्या वर्षी शिकतोय हेच उशिरा.

असे चार आठवडे नीट झोपूनही दुपारची झापड गेली नाही, किंवा रात्री अंगातून वाफा येऊन जाग येत असेल, घोरताना श्वास अडकतो असं कुणी सांगितलं, तर परत डॉक्टरकडं जा. या वेळी रात्रीचा सगळा हिशोब सांगा.

आता तुमच्या प्रश्नांचं उरकते. चुंबकाचा पट्टा काढून ठेवा. खऱ्या चुंबकाची आणि खोट्याची तुलना करून दुखण्यावर पाहिलंय, फरक पडत नाही. रेकी 1922 च्या सुमारास जपानात मिकाओ उसुई यांनी सुरू केली. त्यातली ऊर्जा मोजून कुणी दाखवलेली नाही, पण पडून राहण्यात अपायही काही नाही. हौस असेल तर जा आणि झोपा, दुसऱ्या लेव्हलचे पैसे भरू नका. पंचकर्मातली वमन-विरेचनं, म्हणजे औषधानं उलट्या-जुलाब करवणं, सध्या नकोत, तुम्ही आधीच गळाल्यात. अभ्यंग, शिरोधारा करायची तर पदवी घेतलेल्या वैद्यांकडं करा, सुखाचं वाटेल. अश्वगंधा मात्र मनानं घेऊ नका. तिनं थायरॉइडचे आकडे वर जाऊ शकतात, गोळीचा हिशोब बिघडतो, क्वचित यकृतालाही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. झाडपाल्याचं आहे म्हणजे निर्धोक, असं काही नसतं.

खांद्याचं एक बघा. ब्लाउजचा मागचा हूक लावायला हात पाठीमागं जातो का? जात नसेल तर तो फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडून गेलेला खांदा, असू शकतो, चाळिशी ते साठीतल्या बायकांना होतो आणि शुगरवाल्यांना जास्त. तसं असलं तर माझ्याकडंही येऊ नका, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि फिजिओथेरपी चालू करा. आपल्या कोल्हापुरात प्रत्येक पेठेत "आणा इकडं, एक झटक्यात मोकळा करतो" म्हणणारा कुणीतरी असतोच. तालमीतल्या पोराचा खांदा वेगळा आणि तुमचा वेगळा. कुणालाही हात ओढू देऊ नका.

मिस्टरांबद्दल पत्रात एवढंच आहे की ते रिटायर झालेत आणि टीव्हीसमोर असतात. मग साडेपाचचं नळाचं पाणी उद्यापासून त्यांच्याकडं. मोटारीचं बटण कुठलं ते आज संध्याकाळी उजेडात दाखवून ठेवा.