‘मॅडम, काही सुचूनच नाही राहिलं’

‘सुचणं बंद झालं’ ही तक्रार घेऊन नागपुरात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांत बहुतेक जण रोज ऑर्डरवर काम करणारे असतात. डिझायनर, जाहिरातीचा मजकूर लिहिणारे, फोटोग्राफर. विचारतात एकच, ‘माझ्यातलं संपलं का?’ मे महिन्यात आलेल्या एका फोटोग्राफरबद्दल लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३४, नऊ वर्षांपासून फ्रीलान्स. इतवारीच्या सराफ्यातले हार, बुटीबोरीच्या कारखान्यातली यंत्रं, मेन्यूकार्डावरचा सावजी रस्सा, सगळं त्याने टिपलेलं. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, ‘‘मॅडम, डोक्यात काही येऊनच नाही राहिलं. कॅमेरा हातात घेतला की घाम फुटते.’’

निमित्त एका सरबताच्या बाटलीचं होतं. ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘असंच पाहिजे, पण वेगळं.’ त्याने दोन दिवस लाइट लावले, काढले, पुन्हा लावले. बाटलीवर ग्लिसरीन-पाण्याचे थेंब फवारले, ते ओघळले, पुसले, परत फवारले. दुसऱ्या संध्याकाळी एकही फोटो न काढता तो जमिनीवर बसून राहिला.

आधी मी झोप, भूक, घरच्यांशी बोलणं याबद्दल विचारलं. जगणं नकोसं वाटतं का, हेही स्पष्ट विचारलं. कामच नव्हे तर जेवण, माणसं, आवडीची गाणी, सगळ्यातलाच रस दोन आठवड्यांहून जास्त दिवस गेला असेल, तर तो प्रश्न सुचण्याचा राहत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. रात्री-बेरात्री १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करता येतो. याचं तसं नव्हतं. पुतण्याशी खेळताना तो हसत होता, जेवत होता. अडत होतं ते कॅमेऱ्यापाशीच.

मग मी पैशांचं विचारलं. त्याला ते आवडलं नाही. ‘‘मी त्याच्यासाठी नाही आलो जी.’’ पण दोन बिलं अडकलेली होती, त्यातलं एक पाच महिन्यांपासून, आणि लेन्सचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जात होता. लाइट सरकवताना डोक्यात हप्ता चालू असेल तर बाटली दिसणार कशी? कलेच्या गप्पांत पैशांचा विषय काढणं अनेकांना हलकं वाटतं, मला वाटत नाही. ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्या किती जणांची बिलं थकलेली असतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. त्याला सीएकडे पाठवलं. त्याची उद्यम नोंदणीही नव्हती. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असं २००६चा कायदा सांगतो. जुन्या बिलांना याचा उपयोग नव्हता, पण पुढच्या कामाच्या कोटेशनवर ‘निम्मी रक्कम आधी’ ही ओळ आली.

दुसऱ्या भेटीत म्हटलं, ‘‘कोणी न सांगता काढलेला शेवटचा फोटो दाखवा.’’ त्याने मोबाइल काढला. हार, हार, मशीन, ग्राहकांनी पाठवलेले नमुने, स्क्रीनशॉट, पुन्हा हार. अंगठा सरकत राहिला, चेहरा उतरत गेला. थांबला तो थेट तान्ह्या पोळ्यापाशी. पुतण्याचा लाकडी बैल, एक शिंग मोडलेलं, गळ्यात फुगा. म्हणजे नऊ महिने झाले होते. तो बराच वेळ त्या बैलाकडेच बघत होता.

त्याच दिवशी निघताना तो सहज बोलून गेला, ‘‘काटोलकडे काकाची संत्र्याची बाग आहे. आता ताणावर आहे, मृगाच्या बहरासाठी.’’ ताण हा शब्द माझ्या खोलीत रोज येतो, पण या अर्थाने पहिल्यांदाच आला. त्यानेच समजावलं. उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, काही गळतात. मग पहिल्या पावसाने ताण तुटला की फूल फुटतं.

‘‘पाणी तोडलं की बहर येतोच?’’

‘‘नाही जी. आधी झाडात जोर पाहिजे. अन् किती ताणायचं ते जमिनीवर आहे. भारी जमिनीत जास्त दिवस चालते. हलक्या जमिनीत तेवढं ताणलं तर झाडच वाळते.’’

‘दोन महिने सुट्टी घ्या, फिरून या, आपोआप सुचेल’ हा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. तो भारी जमिनीवाल्यांसाठी आहे. ज्याच्या खात्यात पुढच्या हप्त्यापुरतेच पैसे आहेत, त्याला तो देऊ नये. सुट्टीतही तो हप्तेच मोजत बसेल. म्हणून आम्ही अगदी थोडं ठरवलं. काम आलं की आधी पंधरा मिनिटं ती वस्तू नुसती बघायची, कागदावर पेन्सिलने तीन ओबडधोबड चौकटी काढायच्या आणि मगच ग्राहकाचे नमुने उघडायचे. दुसऱ्याचं चित्र आधी डोळ्यांत बसलं की आपलं आत यायला जागा उरत नाही. शिवाय रोज पहाटे वीस मिनिटं अंबाझरीला चालायचं, कॅमेऱ्याविना. बसल्यापेक्षा चालताना जास्त कल्पना सुचतात, हे स्टॅनफर्डमधल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं आहे. घरी आल्यावर त्या दिवशी दिसलेला एक उजेड एका ओळीत लिहायचा.

पहिल्या आठवड्यात वहीत दोनच ओळी होत्या. मी काही बोलले नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो बोलता बोलता थांबला. माझ्या खोलीतल्या कूलरच्या ओल्या खसच्या ताटीतून दुपारचं ऊन आत येत होतं, हिरवट-तपकिरी, थेंबाथेंबाला तुटत. ‘‘मॅडम, हे तुम्ही रोज बघता?’’ मी बारा वर्षं त्या खोलीत बसते आहे, मी कधीच बघितलं नव्हतं. तो उठून ताटीजवळ गेला, उजेडात हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. ती दहा मिनिटं आम्ही कोणीच बोललो नाही.

सरबताचं काम तोवर त्याच्याकडेच होतं. त्याने बाटली ओल्या ताटीपुढे ठेवून एक फोटो काढला आणि ग्राहकाच्या नमुन्याबरहुकूम दुसरा. ग्राहकाने नमुन्यासारखाच निवडला. हे सांगताना त्याचा आवाज पडला नव्हता. पैसे वेळेवर आले होते.

ताटीचा फोटो त्याने मोठा छापून घेतला आणि काटोलला काकांच्या घरी लावून आला. बागेत तेव्हा फूल धरलं होतं.