आधी मागच्या सीटवर बसा
वाचकांचे गाडीविषयीचे प्रश्न

प्रश्न : महिंद्राची इलेक्ट्रिक गाडी एक्सईव्ही नाइन-ई पुण्यात शोरूममध्ये पाहिली. आत बसलो आणि डोळेच दिपले, डॅशबोर्डभर पडदेच पडदे! मुलगा म्हणतो, मोठ्या बॅटरीची वरची गाडी लगेच बुक करू. घरात माझी आई आहे, तिला गुडघ्यांचा त्रास. मुंबईला वरचेवर जाणं होतं. बंगल्यात पार्किंग स्वतःचं आहे. तीस लाखांच्या घरात पैसे घालण्याआधी काय पाहून घ्यावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आईंना सोबत घेऊन शोरूममध्ये पुन्हा एकदा जा. तुम्ही स्टीअरिंगमागे बसू नका, आधी आईंना मागे बसवा.

मी डिप्लोमाच्या मुलांना ऑटोमोबाइल शिकवते. नवी गाडी पाहायला गेले की मागचं दार उघडून आत बसते, कारण घरातली वडीलधारी माणसं तिथंच बसतात आणि विक्रेता तिथलं फारसं काही दाखवत नाही. या गाडीत मागे पाय ठेवायला भरपूर जागा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २७७५ मिलिमीटर, ते आत जाणवतं. पण बॅटरी तळाशी असल्यामुळे फरशी उंच आहे. बसलं की गुडघे थोडे वर येतात आणि मांडीखाली सीटचा आधार कमी पडतो. मला दहा मिनिटांत ते जाणवलं. सातारा ते मुंबई अडीचशे किलोमीटर दुखऱ्या गुडघ्यांनी असं बसणं आईंना झेपेल का, हे त्यांनाच विचारा. चढताना त्यांचा पाय किती उचलावा लागतो तेही बघा. गाडीचा तळ जमिनीपासून २०७ मिलिमीटर वर आहे. आणि छप्पर मागे उतरतं आहे, म्हणून मुलगा उंच असेल तर त्यालाही मागे बसवा.

मग पुढे या. १२.३ इंचांचे तीन पडदे एका रांगेत आहेत, दिसतात देखणे. पण एसीसाठीही पडद्यावर बोट न्यावं लागतं. खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे असताना नजर रस्त्यावरून न हलवता तुम्हाला ते जमतं का? टेस्ट ड्राइव्हला हे मुद्दाम करून पाहा. आरशातून मागची काचही बघा, उतरत्या छपरामुळे तिथून फार दिसत नाही.

गाडी मुळात चांगली आहे, हे मी मनापासून सांगते. चाकणला बनलेल्या गाडीने भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या, चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३२ गुण मिळवावेत, याचा मला आनंद आहे. मागची डिकी ६६३ लिटरची आणि पुढे बॉनेटखाली आणखी १५० लिटर; आठवड्याभराचं सामान सहज बसेल.

आता मुंबईचं. मोठ्या, ७९ युनिटच्या (किलोवॉट-तासांच्या) बॅटरीवर एका चार्जमध्ये किती जाते, याचा चाचणीतला आकडा ६५६ किलोमीटर आहे. तो हायवेवर शंभरच्या वेगाने, एसी लावून मिळणार नाही. एकेरी प्रवासाची चिंता नाही. त्याच दिवशी परतायचं असेल तर वाटेत एकदा चार्जिंग धरूनच चला. जाहिरातीत २० ते ८० टक्के वीस मिनिटांत म्हणतात. हिशोब करून पाहा : ७९ चे ६० टक्के म्हणजे ४७ युनिट. ती वीस मिनिटांत भरायला १७५ किलोवॉटच्या आसपासचा चार्जर लागतो. ६० किलोवॉटच्या चार्जरवर तेवढ्यालाच पाऊण तासाच्या वर जाईल, ३० वाल्यावर दीड तासाच्या पुढे. म्हणून निघण्याआधी वाटेतला चार्जर किती किलोवॉटचा आहे, हे अॅपवर बघत जा.

आणि बुकिंगच्या आधी घरी इलेक्ट्रिशियन बोलवा. ७.२ किलोवॉटच्या चार्जरने बॅटरी रात्रभरात, साधारण बारा तासांत भरते. त्याला मीटरचा मंजूर भार आणि अर्थिंग दोन्ही नीट हवं. ११.२ चा घ्यायचा तर थ्री फेज लागेल. आमच्या ओळखीच्या एका घरी गाडी आधी आली आणि भार वाढवून मिळेपर्यंत सोळा अँपिअरच्या प्लगवर चालली. तिथं गाडी पूर्ण भरायला एक अख्खा दिवस लागायचा.

प्रश्न : आमचं घर पाचगणीला आहे. रोज सकाळी पसरणी घाट उतरून वाईला जातो. इलेक्ट्रिक गाडी उतारावर ब्रेक लावताना चार्ज होते म्हणतात. मग रात्री पूर्ण चार्ज करून ठेवली तर चालेल ना?
– एक वाचक, पाचगणी

उत्तर : रोज पूर्ण करू नका. उतारावर मोटर जनरेटरचं काम करते आणि तयार झालेली वीज बॅटरीत जाते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर त्या विजेला जागाच नसते. मग गाडी मोटरच्या रोधाने मंदावत नाही, सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. सवयीने अॅक्सिलरेटरवरून पाय उचलावा आणि गाडी तशीच पुढे जावी, हे घाटाच्या वळणावर भीतीदायक असतं.

जागा किती ठेवायची? वाई तुमच्यापेक्षा साडेपाचशे-सहाशे मीटर खाली आहे. माणसांसकट सव्वादोन-अडीच टनांची गाडी एवढी उतरते तेव्हा सुमारे साडेतीन युनिट ऊर्जा सुटते. टायर, वारा आणि यंत्रणेत काही जाते, दोनेक युनिट बॅटरीत परत येतात. म्हणजे नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवलं तरी भरपूर झालं. अॅपमध्ये ती मर्यादा लावून ठेवा.

मात्र बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर अधूनमधून शंभर टक्के भरावी लागते, नाहीतर उरलेल्या चार्जचा आकडा हळूहळू चुकायला लागतो. ते काम सुटीच्या आदल्या रात्री करा, सकाळी घाट उतरायचा नसेल तेव्हा.

प्रश्न : नाशिकमध्येच रोजचं साठेक किलोमीटर फिरणं. लांबचा प्रवास वर्षाकाठी एखादा. एक्सईव्ही नाइन-ई घ्यायची आहे; ५९ युनिटची बॅटरी घेऊ की ७९?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ५९. आठवड्यातून दोनदा चार्ज केली की झालं. ताकद कमी म्हणून मन खाऊ देऊ नका, २३१ हॉर्सपॉवर शहरात वापरूनही संपत नाही. वाचलेल्या पैशांत घरचा चार्जर नीट बसवून घ्या. सुरुवातीला जाहीर झालेल्या २१ लाख ९० हजारांच्या एक्स-शोरूम किमतीत चार्जर धरलेला नव्हता, तेव्हा कोटेशन घेताना चार्जर आणि तो बसवण्याचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून मागा.