वॉर्डमधून प्रशासनाकडे: पदव्युत्तर पदवी घ्यावी का?

नमस्कार सिस्टर,

तुम्ही विचारलंय की नर्सिंगमध्ये ९ वर्षं झाली, त्यातली ३ वॉर्ड इन्चार्ज म्हणून; आता वयाच्या ३४व्या वर्षी रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी घ्यावी का, कुठली घ्यावी, नोकरी सोडून की सांभाळून, आणि हिशेबाची धास्ती असेल तर झेपेल का. शेवटी एका ओळीत, जरा दबकतच, लिहिलंय: "पेशंटपासून लांब गेले तर मी नर्स उरेन का?"

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. बाकीची उत्तरं तिच्यातूनच निघतात.

मी मूळची लॅब टेक्निशियन. ७ वर्षं रक्ताचे नमुने, मशीनचं कॅलिब्रेशन, रात्रपाळ्या. मग दोन वर्षांची पदवी केली आणि गेली १४ वर्षं प्रशासनात आहे. अभ्यासक्रमात रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचा एक काळ असतो. त्याच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या मार्गदर्शक बाईंनी हातात एक वही दिली आणि म्हणाल्या, "आज एकाच पेशंटच्या मागे राहायचं. डॉक्टर 'घरी सोडा' म्हणतात तिथपासून त्या बेडवर नवी चादर पडेपर्यंत. कुणाला काही सुचवायचं नाही, फक्त वेळ लिहायची."

पेशंट एक वयस्कर गृहस्थ होते. सकाळी ९.४० ला राउंडवर सर्जन म्हणाले, "आज घरी." पाच मिनिटांत आजोबांनी कपडे बदलले, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बेडच्या कडेवर बसले. रेसिडेंट डॉक्टर राउंड संपवून थेट ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. डिस्चार्ज समरी लिहून झाली ११.२५ ला. न वापरलेली दोन इंजेक्शनं फार्मसीत जमा झाल्याशिवाय बिल बंद होत नव्हतं, आणि ती घेऊन जाणारा वॉर्डबॉय दुसऱ्या पेशंटला एक्स-रेला घेऊन गेला होता. फार्मसीचा शिक्का पडला १.०५ ला. बिलिंगमध्ये फाइल गठ्ठ्याच्या तळाशी गेली. विमा कंपनीची अंतिम मंजुरी आली ४.१५ ला. आजोबा ४.५० ला वॉर्डबाहेर पडले, बेड तयार झाला ५.३५ ला. तिकडे कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, एक बाई १.३० पासून स्ट्रेचरवर याच बेडची वाट बघत होती.

रात्री बसून बेरीज केली. ९.४० ते ४.५० म्हणजे ७ तास १० मिनिटं. त्यात कुणाचा तरी हात त्या फाइलवर चालू होता असा वेळ सव्वा ताससुद्धा भरला नाही. बाकी सगळा वेळ फाइल कुठे ना कुठे पडून होती. कामचुकारपणा त्या दिवशी कुणीच केला नव्हता, जो तो धावत होता. आजोबांनी मात्र बुटांच्या नाड्या दोनदा सोडून पुन्हा बांधल्या. तेही माझ्या वहीत आहे.

लॅबमध्ये असताना मला वाटायचं, रिपोर्ट वेळेवर गेला की आपलं काम झालं. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की पेशंटला सर्वांत जास्त सोसावं लागतं ते दोन विभागांच्या मधल्या जागेत, आणि त्या जागेला धनी नसतो. प्रशासन म्हणजे त्या मधल्या जागेची जबाबदारी अंगावर घेणं. पुढे त्या वॉर्डात समरीचा मसुदा आणि उरलेली औषधं जमा करणं, ही दोन्ही कामं आदल्या संध्याकाळी उरकायची पद्धत पडली. बरेच पेशंट दुपारच्या आत घरी जायला लागले. मी एकाही पेशंटला हात लावला नव्हता, तरी ती माझ्या हातून झालेली शुश्रूषा होती असं मी आजही मानते. तुम्हीही नर्सच राहाल. फक्त ज्यांची काळजी घ्याल त्यातल्या बहुतेकांचे चेहरे तुम्हाला दिसणार नाहीत. हे जड जातं. पहिलं वर्षभर मला लॅबच्या दारावरून जाताना आत डोकावल्याशिवाय राहवत नसे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तर मला आत्ताच माहीत आहे, मग पदवी कशाला? एवढ्यासाठी की वॉर्डातून दिसणारी गोष्ट वरच्या मजल्यावर तक्रार म्हणून पोचते. तीच गोष्ट आकडा, खर्च आणि पर्याय यांसकट कागदावर आली की तिच्यावर निर्णय होतो. तो कागद करायला ही पदवी शिकवते. माझ्या मते तिचं मोल इथेच आहे.

दोन उदाहरणं देते, म्हणजे हिशेबाच्या धास्तीवरही बोलता येईल. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबद्दलचा एक साधा नियम सिद्ध केला. रुग्णालयाच्या भाषेत तो असा: रोज सरासरी जितके पेशंट भरती होतात, त्याला ते सरासरी जितके दिवस राहतात त्याने गुणा, म्हणजे सरासरी किती बेड भरलेले राहतील ते कळतं. रोज २० भरती आणि ५ दिवसांचा मुक्काम, म्हणजे १०० बेड. मुक्काम अर्ध्या दिवसाने कमी झाला तर ९०. एक वीटही न रचता १० बेड मोकळे. आता त्या आजोबांचे सात तास आठवा. "डिस्चार्जला फार उशीर होतो" हे वाक्य आणि "इतके बेड रोज अडकून राहतात" हे वाक्य, यातलं दुसरं बैठकीत कुणाला टाळता येत नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या रोजच्या डोकेदुखीचं, रोस्टरचं, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्याचं. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास भरायचे. एकजण आठवड्याला ४० तास काम करतो असं धरलं तर ४.२ माणसं लागतात. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण आलं की आकडा पाचच्या आसपास जातो. म्हणजे प्रत्येक पाळीत ६ नर्स हव्या असतील तर रोस्टरवर ३० नावं पाहिजेत. २५ नावं बघून "माणसं पुरेशी आहेत" म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या हिशेबात रजा धरलेली नसते. तुमच्या हाताखालच्या नर्स मुली सलग डबल ड्युट्या का करतात याचं उत्तर त्या पाच नावांत असतं. हा गुणाकार तुम्हाला येतोच. या पदवीतलं बरंचसं गणित याच जातीचं आहे.

संख्याशास्त्रही घाबरण्यासारखं नाही. दहा पेशंटपैकी नऊ जण ४ दिवस राहिले आणि एक ६४ दिवस, तर सरासरी १० दिवस येते, जी त्या दहातल्या कुणालाच लागू नाही. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले तर मधला आकडा ४ येतो. कुठे सरासरी धरायची आणि कुठे मधला आकडा, हे ज्याने वॉर्ड बघितलाय त्याला वर्गात सगळ्यांच्या आधी कळतं. अकाउंट्सचं मात्र खरंच ऐका: अभ्यासक्रम सुरू होण्याआधी दोन-तीन महिने पायाभूत हिशेबाचा छोटा कोर्स करून ठेवा. ताळेबंद, स्थिर खर्च, बदलता खर्च, अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांतली तफावत, एवढं पक्कं झालं की पहिलं सत्र अंगावर येत नाही. मी हे केलं नव्हतं आणि पहिल्या परीक्षेच्या आदल्या रात्री रडले होते.

नर्सने या क्षेत्रात यावं का, या शंकेवर मला नेहमी जॉन थॉम्पसन आठवतात. येल विद्यापीठात रुग्णालय प्रशासन शिकवणारे हे गृहस्थ मुळात प्रशिक्षित नर्स होते. व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट फेटर यांच्यासोबत त्यांनी पेशंटचे असे गट पाडले, की एका गटातल्यांना साधारण सारखीच साधनसामग्री लागते. डायग्नोसिस रिलेटेड ग्रुप्स, म्हणजेच डीआरजी, ते हेच. अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने १९८३ पासून रुग्णालयांना पैसे द्यायला हीच पद्धत धरली आणि पुढे अनेक देशांनी आपापल्या परीने ती उचलली. कुठल्या पेशंटला किती हात लागतात, हे पलंगाशेजारी उभं राहिलेल्या माणसाला आतून माहीत असतं. तीच जाण या कामाला उपयोगी पडली असणार असं मला वाटतं.

आता पदवी कुठली. नावं देशोदेशी वेगळी असतात, पण ढोबळ तीन वाटा आहेत. एमएचए (मास्टर ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) ही थेट रुग्णालय आणि आरोग्यसेवेच्या व्यवस्थापनाची: कामकाज, वित्त, कायदा, मनुष्यबळ, गुणवत्ता. एमबीएमध्ये व्यवसायाचं सर्वसाधारण शिक्षण मुख्य आणि आरोग्यसेवेचे काही विषय जोडीला. विमा, औषध किंवा उपकरण कंपन्यांकडे जायचं असेल तर ती बरी. एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) ही समाजाच्या आरोग्याची वाट: रोगप्रसार, धोरण, प्रतिबंध. तुमचं मन वॉर्डात आणि वॉर्डाच्या व्यवस्थेत आहे, तुमच्या लिहिण्यातूनच ते दिसतं. तुम्ही पहिली वाट धरा.

पण पदवीच्या नावापेक्षा एक गोष्ट मी शंभरदा विचारायला सांगेन: प्रत्यक्ष काम किती, कुठे आणि कुणाच्या हाताखाली? या शिक्षणाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९३४ मध्ये शिकागो विद्यापीठात मायकेल डेव्हिस यांनी सुरू केला. पुढच्या काळातल्या अनेक अभ्यासक्रमांत एक वर्ष वर्गात आणि एक वर्ष रुग्णालयात, अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली, अशी विभागणी असे. ती शहाणी विभागणी होती. आज काही ठिकाणी त्या वर्षाचे सहा आठवडे झालेत, आणि काही ठिकाणी विद्यार्थ्याला रेकॉर्ड रूममध्ये बसवून फाइलींना नंबर टाकायला लावतात. माझ्या एका सहकाऱ्याची दोन महिन्यांची इंटर्नशिप अशीच गेली. तो आजही हळहळतो. प्रवेशाआधी मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा: तुम्हाला बैठकांना बसू दिलं का? अंदाजपत्रक दाखवलं का? तुमच्या प्रकल्पातलं काही पुढे अमलात आलं का? उत्तरं अडखळत आली तर ती संस्था सोडून द्या, इमारत कितीही चकचकीत असो. शासनमान्यता आणि व्यावसायिक संस्थेची मान्यता, दोन्ही तपासा. अमेरिका आणि कॅनडातल्या अभ्यासक्रमांना सीएएचएमई ही संस्था मान्यता देते. तुम्ही जिथे शिकाल तिथे हे काम कोण करतं ते आधी शोधा.

नोकरी सोडावी का? तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: शक्य असेल तर सोडू नका. आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेल्यांसाठी अर्धवेळ किंवा शनिवार-रविवारचे अभ्यासक्रम असतात, आणि सकाळी वर्गात ऐकलेलं दुसऱ्या दिवशी वॉर्डात तपासता येणं ही फार मोठी सोय आहे. अट एकच, पाळ्या ठरलेल्या हव्यात. फिरत्या पाळ्यांवर हे जमत नाही. मी प्रयत्न केला आणि चौथ्या महिन्यात हात टेकले, तेव्हा नोकरी सोडावी लागली. मेट्रन मॅडमशी आधी बोला, दोन वर्षं ठरावीक पाळी मिळेल का ते बघा. मात्र तुम्हाला दुसऱ्या शहरात किंवा देशात जाऊन नव्याने सुरुवात करायची असेल, तर पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि त्यानंतरची वर्षभराची प्रशासकीय फेलोशिप ही वाट चांगली. फेलोशिपमध्ये वरिष्ठांच्या जोडीने सगळ्या विभागांत फिरायला मिळतं.

वयाचं मनातून काढून टाका. माझ्या वर्गातली सर्वांत चांगली विद्यार्थिनी ४६ वर्षांची भूलतज्ज्ञ होती.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. पदवीनंतरचं पहिलं पद बहुधा तुमच्या आजच्या पदापेक्षा धाकटं असेल. वॉर्डात तुमच्या एका शब्दावर दहा माणसं हलतात. तिथे तुम्ही कुणाच्या तरी बैठकीची टिपणं लिहीत असाल. आणि जुन्या मैत्रिणी म्हणतील, "आता तू त्यांच्यातली." मला हे ऐकावं लागलं तेव्हा फार लागलं. मी दर गुरुवारी सकाळी सातच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, लॅबमध्ये जाऊन उभी राहायचं ठरवलं, काही न बोलता. सहा महिन्यांनी त्यांनीच मला अडचणी सांगायला सुरुवात केली. तुम्हीही हा दरवाजा उघडा ठेवा. पुढे मोठ्या पदावर जाल तेव्हा खरी माहिती तिथूनच येईल.

बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी आपल्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात ३३७ पेशंटची नोंद ठेवली आणि त्यात आढळलेल्या १२३ चुका स्वतः छापून जाहीर केल्या. गुणवत्ता मोजण्याचं आजचं शास्त्र सांगताना त्यांचं नाव पहिल्या काहींत येतं. त्यांच्या हाताशी होती ती प्रत्येक पेशंटची कागदी नोंद, आणि वर्षभराने त्याची विचारपूस करण्याची चिकाटी. नोंदीची सवय तुमच्याकडे ९ वर्षांची आहे.

म्हणून प्रवेशअर्ज भरण्याआधी हे करा. एक वही घ्या. दोन आठवडे तुमच्या वॉर्डातल्या प्रत्येक डिस्चार्जच्या चार वेळा लिहा: डॉक्टरांनी सांगितलं ती, समरी तयार झाली ती, बिल बंद झालं ती आणि पेशंट बाहेर पडला ती. पेशंटचं नाव लिहू नका, फक्त क्रमांक. सगळ्यांत जास्त वेळ कुठल्या दोन वेळांच्या मध्ये जातो ते बघा, आणि अर्जासोबतच्या निबंधात तेच लिहा. "मला लहानपणापासून सेवेची आवड" असं पहिलं वाक्य लिहू नका. निवड समितीत मी तीन वर्षं बसले आहे, त्या वाक्याने सुरू होणारे निबंध आम्ही गठ्ठ्याने वाचायचो. तुमच्या वहीतला एक पेशंट आणि त्याच्या चार वेळा एवढं आलं, की समोरचा खुर्चीत पुढे सरकून बसतो.

वही भरली की मला दाखवा. निबंधाचा पहिला खर्डा मी वाचून देईन.