संमोहनात नेण्यासाठी नजर रोखणं, अंग सैल करत जाणं की झटपट पद्धत, नवशिक्याने कोणती निवडावी?

तुम्ही तीन पद्धती लिहिल्यात, पण समोर कोण बसणार आहे त्याबद्दल एक अक्षर नाही. मीही अशीच सुरुवात केली होती, म्हणून लिहायला बसलो.

मी अमळनेर तालुक्यातला, शाळेत शिकवतो. २०११च्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला संमोहनाचा सहा दिवसांचा वर्ग केला आणि समोरच्याला वाचून दाखवायच्या छापील संहितांची वही घेऊन परतलो. सरांनी बजावलं होतं, यातला शब्द बदलायचा नाही.

पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं. फुईला, म्हणजे माझ्या थोरल्या आत्याला, बरगडीखाली नागीण झाली होती. फोड सुकून चार महिने झाले तरी आग थांबत नव्हती. लुगड्याचा काठ लागला तरी कळवळायची. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण रात्री डोळ्याला डोळा नाही. ओसरीवर खाट टाकली, वही उघडली आणि पुणेरी आवाज काढून सुरू केलं, ‘आपल्या पायांचे स्नायू शिथिल होत आहेत...’

फुईने एक डोळा उघडला. ‘स्नायू म्हंजे काय रे भाऊ?’

दुसऱ्या दिवशी नजर रोखायची पद्धत. जेम्स ब्रेड या स्कॉटिश डॉक्टरने १८४३च्या पुस्तकात लिहिलेली तीच. चमकणारी वस्तू डोळ्यांच्या जरा वर धरायची, म्हणजे पापण्या लवकर थकतात. पण फुईला मोतीबिंदू. बिचारी पाच मिनिटं इमानदारीने वर बघत राहिली, मग म्हणाली मान दुखते.

तिसऱ्या दिवशी मात्र ती जरा सैलावली. आता वहीप्रमाणे जिन्याच्या पायऱ्या उतरवत खोल न्यायचं होतं. आमच्या घराला कुठला आलाय जिना! म्हणून मी मळ्यातली पायऱ्यांची विहीर घेतली. स्वतःवरच खूश होतो. तिसऱ्या पायरीला फुई ताडकन उठून बसली. ‘माले नही उतरनं तठे.’ पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मी जन्मायच्या आधी तिची धाकटी बहीण त्याच विहिरीत गेली होती. घरात कोणी तो विषय काढत नसे.

सरांना फोन केला. म्हणाले, ‘शब्द बदललात ना? भोगा. आणि तुमच्या आत्यांची ग्रहणक्षमताच कमी दिसते.’ म्हणजे ती संमोहनात सहज जाणाऱ्यांतली नाही. पहिलं वाक्य निम्मं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. दुसरं आजही लागतं.

मी ते सगळं सोडून दिलं होतं. पुढे फुईचा लाख वातींचा नेम सुरू झाला. घरचाच कापूस. मी शेजारी बसून सरकी काढत होतो, ती वाती वळत होती. सहज म्हणाली की वाती वळताना आग आठवत नाही. बघतो तर नजर बोटांवर खिळलेली, श्वास हाताच्या लयीत. ब्रेडची वस्तू तिच्या हातातच होती की! मी आवाज खाली आणला आणि आमच्या अहिराणीत नुसतं जे दिसत होतं ते बोलत गेलो. बोटं हळू व्हायला लागली तेव्हा म्हटलं, ‘हात जड व्हई राहिनात, फुई. व्हऊ दे.’ अर्धवट वळलेली वात बोटांत तशीच राहिली. मग माठाखालची ओली वाळू बरगडीला लागलीय असं सांगितलं. वीसेक मिनिटं गेली असतील. आग गेली नाही, पण त्या रात्री ती सलग तीन तास झोपली.

ग्रहणक्षमता माणसागणिक वेगळी असते, हे सरांचं चुकीचं नव्हतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९मध्ये ती मोजायची मोजपट्टी निघाली आणि पंचवीस वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा मोजलं तरी आकडे फारसे हलले नव्हते. पण ती मोजपट्टी पुण्यातून फोनवर लावता येत नाही, सर! गोव्याच्या कांदोळीचे पाद्री आबे फारिया तर दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगत होते की शक्ती संमोहन करणाऱ्यात नसते, समोरच्याच्या मनात असते. ते नुसतं ‘झोपा’ म्हणायचे आणि ज्यांचं व्हायचं त्यांचं व्हायचं. पणजीला पुतळा आहे त्यांचा, तिथे फोटो काढणाऱ्या निम्म्या लोकांना तो कोण हे ठाऊक नसतं.

तर तुमचं उत्तर. अंग आखडलेला, दमलेला माणूस असेल तर अंग सैल करत न्या. वेळ लागतो, पण नवशिक्याचं चुकलं तरी फार बिघडत नाही. डोक्यात सतत चक्र चालणाऱ्याला नजर रोखायला द्या. झटपट पद्धत तुम्ही करू नका. हात झटकून माणूस पाडायचे व्हिडिओ बघून विचारताय हे कळतंय. त्यात पटकन जाणारी माणसं आधीच निवडलेली असतात. डेव्ह एल्मन या अमेरिकन संमोहनकाराची काही मिनिटांची पद्धत उत्तम आहे, तो डॉक्टरांना आणि दातांच्या डॉक्टरांना शिकवायचा, पण ती जाणत्यासमोर बसून शिकायची गोष्ट. आणि कुठलीही पद्धत घ्या, बोला समोरच्याच्या घरच्या भाषेत. वही खड्ड्यात गेली तरी चालेल.

हो, हे आधी लिहायला हवं होतं: दुखण्याचं कारण डॉक्टरांनी बघितल्याशिवाय हात घालू नका. भास होणाऱ्या किंवा फिट येणाऱ्या माणसावर घरी प्रयोग नको. जुन्या आठवणी उकरायच्या नाहीत, संमोहनात माणूस न घडलेलंही खात्रीने सांगतो. आणि विहीर, जिना, नदी, काहीही वापरण्याआधी घरात विचारून घ्या. त्या दिवशी माझे वडील त्याच ओसरीवर पेपर वाचत बसले होते. मी विचारलं नाही.