डिस्टिंक्ट लावण्याआधी

प्रिय,

रात्री पावणेबाराला आलेली तुझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएलमध्ये विचारलेला प्रश्न, वाचली. "सर, डिस्टिंक्ट लावलं तरी नको त्या ऑर्डरी येतायत." डिस्टिंक्ट उत्तरातल्या जुळ्या नोंदी फक्त एकदाच दाखवतं. मुळात लावलंस कशाला?

तुला हव्या होत्या सगळा माल रवाना झालेल्या ऑर्डरी. तू ऑर्डरींच्या टेबलला त्यांच्या ओळींचं टेबल (एका वस्तूची एक ओळ) जॉइन केलंस, म्हणजे जोडलंस, आणि व्हेअरमध्ये, म्हणजे गाळणीच्या अटीत, 'रवाना' टाकलंस. १०४ नंबरच्या ऑर्डरीत तीन ओळी आहेत, दोन रवाना, एक अजून गोदामात. ती दोनदा आली, डिस्टिंक्टने एकदा दिसली, आणि तुला वाटलं जमलं. अगं, तू विचारलंस "एक तरी ओळ रवाना झालीय का?" व्हेअर एका वेळी एकच ओळ बघतं, शेजारणीचं त्याला काय माहीत!

आधी मराठीत वाक्य लिही. 'एक तरी', 'एकही नाही' की 'सगळ्या'? उत्तरात ऑर्डर एकदाच हवी ना, मग तिच्या ओळी जॉइनमध्ये आणूच नकोस. 'एक तरी'ला एक्झिस्ट्स (अशी ओळ आहे का, एवढंच ते बघतं), 'एकही नाही'ला नॉट एक्झिस्ट्स. 'सगळ्या' असेल तर वाक्य उलटं कर: रवाना न झालेली एकही ओळ नाही. इथे दोन खड्डे आहेत. स्थिती नल, म्हणजे भरलेलीच नाही, अशी ओळ 'रवाना नाही' या तुलनेत सापडतच नाही, तिची वेगळी अट घाल. आणि एकही ओळ नसलेली रिकामी ऑर्डरही यात पास होते. म्हणून जोडीला एक्झिस्ट्स. नॉट इनच्या, म्हणजे 'या यादीत नाही' या अटीच्या, वाटेला जाऊ नकोस. आतल्या यादीत एक नल निघाला की उत्तर कोरं.

एवढं चिडून लिहितोय, कारण मी हेच केलंय. एका औषधांच्या होलसेलवाल्याकडे बिलांना पावत्या जॉइन करून विक्रीची बेरीज काढली. १२,००० चं बिल तीन हप्त्यांत भरलेलं, ते ३६,००० झालं. मी बेरजेच्या आत डिस्टिंक्ट घातलं. त्या महिन्यात आकडा जुळला. पुढच्या महिन्यात सारख्याच रकमेची दोन बिलं होती, त्यातलं एक गायब. दिवाणजींनी ते वहीत बोट फिरवून शोधलं. त्या काळी मला सांगणारं कोणी नव्हतं, वर रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हवा होता. तरी दिवाणजींची नजर अजून आठवते.

तेव्हापासून माझ्या क्वेऱ्या लांबलचक असतात आणि पोरं हसतात. हसू देत. मी आधी वाक्यच लिहिणार. एक्झिस्ट्स हळू चालतं असं तुमचा लीड म्हणत असेल तर त्याला प्लॅन, म्हणजे डेटाबेस क्वेरी कशी चालवणार तो आराखडा, उघडून दाखव, पोस्टग्रेस (आपला डेटाबेस) त्याचं बहुतेकदा सेमी जॉइनच करतं, म्हणजे जुळणारी ओळ आहे का तेवढं बघतं, ऑर्डर दोनदा आणत नाही. ओळींच्या टेबलवर ऑर्डर आयडीचा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, आहे का ते मात्र तपास. फॉरेन की (ओळ कोणत्या ऑर्डरीची ते बांधणारा दुवा) दिली म्हणून पोस्टग्रेस तो आपोआप बनवत नाही.

आता १०४ पुन्हा चालव. एक रिकामी ऑर्डर आणि एक नल स्थितीची ओळ मुद्दाम घालून बघ, आणि काय येतं ते कळव. सकाळी. रात्री नको.